काका चालले, मामा अडकले

फोनवरच्या बाईंचा आवाज अगदी शांत होता. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "तुमचा फॉर्म म्हणतोय, माझं नाव चुकीचं आहे. बासष्ट वर्षं हेच नाव लावतेय हो मी. आता काय करायचं?"

नाव विचारून घेतलं आणि माझ्याकडे टाइप करून पाहिलं. लाल चौकट आली, खाली लाल अक्षरांत वाक्य: 'नाव चुकीचे आहे.' ते वाक्य माझंच. आदल्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी लिहिलेलं.

काम तसं किरकोळ होतं. सभासद नोंदणीचा एक फॉर्म. त्यात नाव देवनागरीतच हवं होतं, म्हणजे कोणी चुकून रोमन अक्षरं किंवा आकडे टाकले तर तिथल्या तिथे थांबवायचं. असल्या कामाला रेग्युलर एक्स्प्रेशन, आमच्या बोलण्यातलं रेजेक्स, हाताशी असतंच. मी लिहिलं होतं:

^[अ-ज्ञा-ौंः ]+$

ज्यांना या चिन्हांची सवय नाही त्यांच्यासाठी: टोपी म्हणजे मजकुराची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट, चौकटी कंसात चालणाऱ्या चिन्हांची यादी, आणि अधिकचं चिन्ह म्हणजे यातलं काहीही, एकदा किंवा कितीही वेळा. यादीत मला अभिप्रेत होतं ते असं: अ पासून ज्ञ पर्यंतची सगळी अक्षरं, आ पासून औ पर्यंतच्या काना-मात्रा, अनुस्वार, विसर्ग आणि मोकळी जागा. तपासायला मी 'काका' टाइप केलं. चाललं. 'काकू', 'आई', 'आजी', 'गंगा'. सगळी चालली. आकडे अडकले, रोमन अक्षरं अडकली, रिकामी चौकट अडकली. झालं काम, म्हणून मी डबा उघडला.

बाईंचा फोन ठेवून मी आमच्या टेस्टरला हाक मारली. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, मला ताई म्हणते, आणि मोडतोड करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पाच मिनिटांत तिचा निकाल आला: "ताई, काका चालतात, मामा अडकतात. आजी आत, आजोबा बाहेर. मावशी, आत्या, भाऊ, दादा, सगळे बाहेर." मग थोडं थांबून, "ताईसुद्धा बाहेर."

कारण सापडलं तेव्हा हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना. चौकटी कंसातली आडवी रेघ 'इथपासून तिथपर्यंत' असं सांगते हे खरं, पण ती दोन चिन्हांच्या मधे असते. आणि ज्ञ हे एक चिन्ह नाहीच. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, लेखी ते ज, हलन्ताचं चिन्ह आणि ञ अशी तिघांची रांग आहे. म्हणजे मी लिहिलं ते 'अ ते ज्ञ' नव्हतंच. ते होतं 'अ ते ज', शिवाय एक हलन्त, शिवाय एक ञ. झ पासून पुढची वर्णमाला, म्हणजे ट, त, न, प, म, र, स, ह, सगळी दाराबाहेर उभी. शाळेत ज्या अक्षरावर वर्णमाला संपवायला शिकलो, ते अक्षर कॉम्प्युटरच्या मोजणीत अक्षरच नव्हतं. काका-काकू आणि आई-आजी हे योगायोगाने ज च्या अलीकडच्या मंडळींत बसत होते एवढंच.

त्या ओळीत आणखी एक फसवणूक आहे. 'ज्ञा' असं जे दिसतंय त्यातला काना ज्ञ चा नाही. तो पुढच्या 'ा ते ौ' या पट्ट्याचा पहिला घटक आहे, पण एडिटरने नेहमीच्या सवयीने तो मागच्या अक्षराला चिकटवून दाखवला. देवनागरी चिन्हं घालून रेजेक्स लिहिणाऱ्याला डोळ्यांवर विसंबून चालत नाही. तेव्हापासून मी अशा ठिकाणी चिन्हांचे कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडमधले क्रमांक, लिहिते आणि शेजारी कॉमेंटमध्ये अक्षर लिहिते.

(एक सुखद गोष्टही याच शोधात कळली. 'क ते ह' लिहिलं की ळ सुटतो अशी मला भीती होती, कारण आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसवलाय. तेवढं एक न मागता मिळालं.)

दुरुस्ती म्हणून मी यादी नीट लिहून काढली. युनिकोडमध्ये देवनागरीचा मूळ गट ०९०० ते ०९७एफ असा १२८ जागांचा आहे. तो अख्खा उचलून टाकावा असा मोह होतो, पण त्या गटात देवनागरी अंक आहेत, दंड आहे, दुहेरी दंडही आहे. मग 'मामा॥५॥' हे नाव म्हणून मान्य होतं. म्हणून व्यंजनं वेगळी, स्वर वेगळे, मात्रा वेगळ्या, अनुस्वार-विसर्ग-चंद्रबिंदू वेगळे, असं तुकड्यातुकड्याने घेतलं. त्यात ॲ राहून गेला, कारण त्याला युनिकोडमध्ये जागाच मुळी २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली, आणि तीही अंकांच्या पलीकडे. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत होते, काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. दिसायला दोन्ही तेच, आतून एक चिन्ह विरुद्ध दोन चिन्हं. दोन्ही यादीत घ्यावे लागले.

सर्व्हरवर पायथॉन ही भाषा होती. तिथे मी आधी शहाणपणा करायला गेले: यादी कशाला, 'शब्दातलं कुठलंही अक्षर' असा अर्थ असलेलं बॅकस्लॅश-डब्ल्यू आहेच की. पायथॉन ३ मध्ये ते युनिकोड ओळखतं असं सगळेच सांगतात. ओळखतं, पण अर्धवट. पायथॉनचं जे मूळ रेजेक्स मोड्यूल आहे त्याच्या दृष्टीने काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही अक्षरं नाहीत, अंकही नाहीत, म्हणून ती 'शब्दात' येत नाहीत. 'नमस्ते' मधले शब्द शोधायला सांगा, उत्तर दोन शब्दांचं येतं: 'नमस' आणि 'त'. पाय मोडला तिथे शब्द मोडला, मात्रा आली तिथे परत मोडला. शब्दाची सीमा दाखवणारं बॅकस्लॅश-बी याच व्याख्येवर उभं असल्यामुळे तेही मराठीत ऐन शब्दाच्या मधे सीमा आखत सुटतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये तर बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे निव्वळ रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेख, तिथे भ्रम तरी होत नाही.

यावरचा खरा उपाय युनिकोडच्या वर्गांनुसार लिहिणं हा आहे. प्रत्येक चिन्हाला युनिकोडने एक जात दिलेली असते: हे अक्षर, हे जोडून येणारं चिन्ह, हा अंक, हे विरामचिन्ह. बॅकस्लॅश, पी आणि महिरपी कंसात जातीचं नाव, असं लिहून 'अक्षर किंवा जोडचिन्ह' मागता येतं. जावास्क्रिप्टमध्ये हे २०१८ च्या प्रमाणापासून आहे, मात्र शेवटी यू हा झेंडा लावायला विसरायचं नाही. पायथॉनच्या मूळ मोड्यूलमध्ये ते नाही, त्यासाठी रेजेक्स याच नावाचं वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. त्या वेळी मला हे माहीत नव्हतं असं नाही. नवीन पॅकेज टाकायला परवानगी मागावी लागते, म्हणून मी यादीवरच भागवलं. आळस म्हणा.

त्या आळसाची किंमत पुढच्याच आठवड्यात कळली.

एका सभासदाची मेल आली: आडनाव कुऱ्हाडे, फॉर्म घेत नाही. मी टाइप केलं, घेतलं. त्यांना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "तुमच्या हाताला घेतो, माझ्या हाताला घेत नाही." मेलमधलं आडनाव उचलून फॉर्ममध्ये चिकटवलं आणि खरंच अडकलं. दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून मी बराच वेळ बघत बसले. रेघ न् रेघ सारखी. शेवटी प्रोग्रामला चिन्हं मोजायला लावली. माझ्या कुऱ्हाडेमध्ये आठ, त्यांच्या कुर्‍हाडेमध्ये नऊ.

मराठीतल्या त्या अर्ध्या र च्या कोयरीची ही करामत. ती उमटवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ऱ हे वेगळं चिन्ह घेऊन त्याला हलन्त लावायचा. दुसरा, जुना: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह, कोड २००डी. हे चिन्ह नसेल तर र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, आणि असेल तर कोयरी होऊन जागच्या जागी राहतो. त्यांच्या कीबोर्डने दुसरा रस्ता घेतला होता. माझी यादी देवनागरीच्या गटापुरती होती, आणि २००डी त्या गटात नाहीच. ते सगळ्या लिप्यांचं सामाईक आहे. 'लिपी देवनागरी' असं जातीने मागितलं असतं तरी ते सुटलंच असतं.

इथे मी जी चूक केली ती पहिल्या चुकीपेक्षा वाईट होती. पहिल्या चुकीत लोक निदान अडकून फोन तरी करत होते. मी ठरवलं, अदृश्य चिन्ह म्हणजे कचरा. तपासण्याआधीच इनपुटमधली असली सगळी चिन्हं रिकाम्या मजकुराने बदलून टाकायची. एक ओळीचं रेजेक्स. फॉर्म आता कोणालाच अडवेना. आणि डेटाबेसमध्ये नऊ चिन्हांचे कुऱ्हाडे आठ चिन्हांचे 'कुर्हाडे' होऊन जमा व्हायला लागले, ह च्या डोक्यावर रफार घेऊन. सभासदांची कार्डं छापून आली तेव्हा ते दिसलं.

आचारी आणि आचार्य यांच्यातला फरक ज्या भाषेत या एका वळणावर उभा आहे (आचाऱ्यास जेवण करायला सांगतात, आचार्यास शिकवायला), जिथे दऱ्या डोंगरांत असतात आणि दर्या किनाऱ्यापाशी, तिथे त्या अदृश्य चिन्हाला मी कचरा म्हटलं होतं. शाळेत या जोड्यांवर मी पूर्ण गुण मिळवले होते हे सांगून उपयोग नाही.

उलटी दुरुस्ती आणखी जपून करावी लागली. र, हलन्त आणि २००डी अशी तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त लिहायचं. त्यानंतर सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी या सामान्यीकरणातून काढायचा, कारण ऱ लिहायचा तिसराही मार्ग आहे, साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, आणि तो मात्र एनएफसी आपणहून एक करून देतं. २००डी चं प्रकरण ते एक करत नाही, अ वर चंद्र ठेवलेला ॲ देखील नाही. ती जबाबदारी आपली. आणि शून्य रुंदीचं दुसरं चिन्ह, जे जोडण्याऐवजी तोडतं, तेही फेकायचं नाही. 'वाक्‌प्रचार' मधला क चा पाय मोडलेला दिसतो तो अनेकदा त्याच्या आधाराने.

म्हणजे आधी मजकूर एका रूपात आणायचा, मग तपासायचा. मी हे नेहमी उलटं करत आले होते. आधी हाकलायचं, मग जो आत आला त्याचे कपडे नीट करायचे.

अंकांच्या बाबतीत हेच दुसऱ्या बाजूने घडलं. जन्मवर्षाच्या रकान्यात 'चार अंक' अशी अट होती, बॅकस्लॅश-डी चार वेळा. ब्राउझरमध्ये कोणी १९५८ असं देवनागरीत टाकलं की अडकायचं, कारण जावास्क्रिप्टचं बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी अंक ओळखतं. तेच पायथॉनकडे पाठवलं तर सुखाने मान्य, कारण त्याचं बॅकस्लॅश-डी कुठल्याही लिपीतले दशमान अंक घेतं. इतकंच नाही, देवनागरीतला आकडा पूर्णांकात बदलायला सांगितलं तर पायथॉन बरोब्बर बदलून देतं. जावास्क्रिप्ट 'हा आकडा नाही' म्हणतं. एकाच फॉर्मच्या दोन टोकांना दोन कायदे. ज्याने मराठी फॉर्ममध्ये मराठी आकडे टाकले त्याला शिक्षा करायचं काय कारण? आता टाइप होताच अंक बदलून घेतो आणि मग मोजतो. तेवढं करायला तीन ओळी लागल्या.

टोपी आणि डॉलरबद्दल थोडक्यात, कारण यावर बरंच लिहिलं गेलंय आणि तरी माझी चूक झालीच. एचटीएमएलच्या इनपुटला जे पॅटर्न नावाचं गुणविशेष असतं ते टोपी-डॉलर आपणहून गृहीत धरतं, अख्खा मजकूर बसला तरच होकार. ते पॅटर्न मी टोपी-डॉलरशिवाय तिथून उचलून पायथॉनच्या 'मॅच' मध्ये टाकलं. 'मॅच' फक्त सुरुवात पाहतं. 'काका' बसलं की पुढे काहीही शेपूट चालतं. मग डॉलर लावला, तर पायथॉनचा डॉलर शेवटच्या नव्या ओळीच्या चिन्हाआधीही समाधान मानतो, त्यामुळे नावाच्या शेवटी एन्टर चिकटून आत येतो. ३.४ पासून 'फुलमॅच' आहे, तेच वापरावं. रुबी या भाषेत आणखी धोका आहे: तिथे टोपी आणि डॉलर कायम ओळीचे असतात, मजकुराचे नाहीत, म्हणून दोन ओळींपैकी एक सभ्य असली की दुसरीत काय आहे ते कोणी बघत नाही. रुबीवर उभ्या असलेल्या रेल्सच्या व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे तपासणीत, असं पॅटर्न दिलं तर ते थेट तक्रार करतं, शहाणं आहे.

आणि हो, ब्राउझरमधली तपासणी ही भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. ती चुकवून सर्व्हरला काहीही पाठवता येतं. जे खरोखर अडवायचंय ते सर्व्हरवरच अडवायचं.

यानंतरचा प्रकार मला रेजेक्सच्या आतल्या यंत्राकडे घेऊन गेला. 'पूर्ण नाव' हा रकाना: काही शब्द, मधे मोकळी जागा. मी लिहिलं होतं त्याचा सांगाडा असा (अक्षरे या शब्दाच्या जागी वरची सगळी यादी समजा):

^(अक्षरे+ ?)+$

अक्षरांचा एक गट, त्यानंतर असलीच तर मोकळी जागा, आणि हे सगळं पुन्हापुन्हा. वाचायला निरागस. एकाने तिन्ही शब्द जागा न सोडता सलग लिहिले आणि शेवटी पूर्णविराम दिला. त्याच्या ब्राउझरची खिडकी गोठली. पंखा सुरू झाला म्हणाला.

पूर्णविराम यादीत नव्हता, म्हणजे उत्तर 'नाही' असंच यायला हवं होतं. पण 'नाही' म्हणण्याआधी यंत्राला सगळ्या शक्यता संपवाव्या लागतात. मोकळी जागा ऐच्छिक असल्याने सलग अक्षरांची रांग एका गटात घेता येते, दोन गटांत, तीन गटांत, कुठेही तोडून. ३० चिन्हांच्या रांगेत २९ सांधे, प्रत्येक सांध्यावर तोडायचं की नाही असे दोन पर्याय. दोनचा २९ वा घात म्हणजे ५३ कोटी ६८ लाखांच्या वर. एक चिन्ह वाढलं की दुप्पट. आणि मराठीत चिन्हं भराभर वाढतात, कारण 'स्त्री' हे आपलं एक अक्षर आतून सहा चिन्हांचं असतं: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी.

दुरुस्ती एवढीशी:

^अक्षरे+( अक्षरे+)*$

शेवटचा तारा म्हणजे शून्य किंवा कितीही वेळा. मोकळी जागा ऐच्छिक राहिली नाही. नवा गट सुरू करायचा तर ती हवीच, म्हणून रांग तोडायची एकच पद्धत उरते आणि 'नाही' क्षणात येतं. कंसातल्या अधिकच्या बाहेर पुन्हा अधिक दिसला की माझ्या पोटात आता खड्डा पडतो.

हे फक्त नवख्यांचंच होतं असं नाही. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं होतं, ते मजकुराच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटणाऱ्या एका साध्या रेजेक्समुळे. कोणाच्या तरी मजकुरात एका ओळीच्या मधे सुमारे २०,००० मोकळ्या जागा सलग होत्या. यंत्र पहिल्या जागेपासून धावत जाऊन पाहायचं, ही ओळीची अखेर आहे का? नाही. मग दुसऱ्या जागेपासून. मग तिसऱ्या. २०,००० अधिक १९,९९९ अधिक १९,९९८ असं करत साधारण वीस कोटी पावलं. तिथे घात नव्हता, नुसता वर्ग होता, तरी पुरला. आणि २ जुलै २०१९ ला, असंख्य संकेतस्थळांची रहदारी ज्यांच्यामार्फत जाते त्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या फायरवॉलमधल्या एका नव्या नियमात 'काहीही कितीही वेळा' हे लागोपाठ आलं, जगभरच्या त्यांच्या सर्व्हरांचे प्रोसेसर त्यात गुंतले आणि २७ मिनिटं असंख्य संकेतस्थळं उघडेनात.

गंमत म्हणजे यावरचा उपाय या दोन्ही घटनांहून कितीतरी जुना आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनची कल्पना स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने १९५१ मध्ये मांडली, तीही मज्जापेशींच्या जाळ्यांचा अभ्यास करताना. मॅकलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये पेशींचं जे गणिती चित्र काढलं होतं ते कुठल्या घटनाक्रमांना ओळखू शकेल, हा त्याचा प्रश्न होता. 'शून्य किंवा कितीही वेळा' सांगणाऱ्या ताऱ्याला आजही क्लीनीचं नाव आहे. केन थॉम्प्सनने १९६८ मध्ये ते मजकूर शोधायच्या कामी आणलं, आणि त्याची पद्धत अशी होती की सगळ्या शक्यता एकाच वेळी, चिन्हागणिक, शेजारी-शेजारी पुढे सरकवायच्या. मागे फिरणं नाही, म्हणून स्फोटही नाही. पुढे पर्ल या भाषेच्या वळणाने गेलेल्या बहुतेक भाषांनी, पायथॉन, जावास्क्रिप्ट, जावा सगळ्यांनी, एकेक रस्ता धरून जायचं आणि अडलं की परतायचं अशी पद्धत घेतली, कारण तिच्यात 'मघाशी सापडलं तेच पुन्हा' असल्या सोयी करता येतात. गो आणि रस्ट या भाषांची यंत्रं आणि गूगलचं आरई२ ही थॉम्प्सनच्या वाटेने जातात आणि त्या सोयी सोडतात. बाहेरच्या माणसाने भरलेला मजकूर तपासायचा असेल तर मला हा सौदा पटतो. त्या सोयी नाव तपासायला कधी लागल्या ते मला आठवत नाही. आणि यंत्र कुठलंही असो, रेजेक्सच्या आधी लांबीची मर्यादा तपासायची. तिला मेंदू लागत नाही.

ईमेलबद्दल मी आता वाद घालत नाही. एक ॲट हवा, त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी हवं, मधे मोकळी जागा नको, एकूण २५४ च्या आत. बाकीचं पत्र पाठवून कळतं. पत्ता नियमात बसतो म्हणून तो अस्तित्वात आहे असं होत नाही, आणि ज्यांच्या रेजेक्समध्ये शेवटचा तुकडा दोन ते चार अक्षरांचाच असतो त्यांनी २००१ पासून डॉट म्युझियम वाल्यांना बाहेर ठेवलंय. अधिकचं चिन्ह असलेले पत्तेही पूर्ण वैध असतात, ते अडवणाऱ्या फॉर्मवर माझा खास राग आहे, कारण माझा पत्ता तसा आहे.

हे सगळं झाल्यावर एका संध्याकाळी टेस्टर आणि मी त्या नावाच्या रकान्यासमोर बसलो. तिने विचारलं, "ताई, हे आपण अडवतोय कशासाठी?" मी म्हटलं, चुकीची नावं येऊ नयेत म्हणून. "चुकीचं नाव म्हणजे?" मला उत्तर देता आलं नाही. आकडे टाकणारे? तसं कोणी महिन्याभरात केलं नव्हतं. खोटं नाव टाकणारे? 'राम' लिहून कोणीही खोटं बोलू शकतं, रेजेक्सला ते कळायचं नाही. अवतरणचिन्ह? ते डेटाबेसवर हल्ला होईल या भीतीने बंद केलं होतं, आणि त्यापायी ओ'ब्रायन नावाचा माणूस स्वतःचं आडनाव लिहू शकत नव्हता. त्या हल्ल्याचा इलाज क्वेरीत मूल्यं वेगळी पाठवणं हा आहे, लोकांच्या नावातून चिन्ह काढून घेणं नव्हे. एकेक अट काढत गेलो. प्रत्येक अटीला एकच प्रश्न: हिने आजवर अडवलं कोणाला? यादी काढली तर त्यात एकही भामटा नव्हता. मावशी होती, कुऱ्हाडे होते, पूर्णविराम देणारे गृहस्थ होते.

शेवटी पॅकेजची परवानगी मागितली, दोन दिवसांत मिळाली. आज तिथे जे आहे ते असं: आधी रूप एक करा, दोन्ही टोकांच्या जागा छाटा, लांबी पाहा. मग कुठल्याही लिपीतलं अक्षर, जोडचिन्ह, शून्य रुंदीची दोन्ही चिन्हं, मोकळी जागा, बिंदू, संयोगचिन्ह, अवतरणचिन्ह चालतं. देवनागरीची सक्ती काढली नाही, वेगळी केली. रोमन लिहिलं तर फॉर्म देवनागरीत लिहायची विनंती करतो. यादीबाहेरचं काही आलं तर पूर्वीचं लाल वाक्य येत नाही. 'हे नाव असंच आहे ना?' असा प्रश्न येतो, आणि 'हो' म्हटलं की पुढे जाता येतं. फक्त अदृश्य नियंत्रक चिन्हं, नव्या ओळीसकट, सर्व्हर साफ नाकारतो.

टेस्टच्या फाइलमध्ये पहिली ओळ 'मामा' आहे. त्याखाली मावशी, आत्या, ताई, कुऱ्हाडे तीन प्रकारांनी लिहिलेले, दोन प्रकारचा ॲ, ओ'ब्रायन, आणि पूर्णविरामाने संपणारं तीस चिन्हांचं एक सलग नाव, ज्याला उत्तर देण्यासाठी दहा मिलिसेकंदांची मुदत आहे. परवा तिने 'ॐकार' घातलं, ॐ हे एकच चिन्ह घेऊन. माझ्या जुन्या यादीत ते नव्हतं. आताच्या नियमात ते अक्षर म्हणून गणलं जातं, गेलं सरळ. मग तिने त्याच जागी इमोजीतला ॐ टाकला आणि माझ्याकडे वळली.

"ताई, हे विचारतंय मला, नाव असंच आहे ना म्हणून."

"मग काय म्हणालीस?"

"हो म्हटलं."